भिंतीवर चोवीस, आत नऊ

कपडे काढ, असं मोठेपणी मला एकदाच कुणी सांगितलं होतं. व्हिसाच्या मेडिकलला, मुंबईत. तिथं निदान पडदा तरी होता. दुसऱ्यांदा सांगितलं ते दोह्यातल्या एका पोलीस ठाण्यात. तिथं पडदा नव्हता. चौघे जण होते आणि त्यातला एक चहा पीत होता.

चड्डी राहू दिली. तिला मागून भोक होतं. ते बघून चहावाला हसला. मीही हसलो. माझी ही जुनी खोड. समोरचा माझ्यावर हसायला लागला की मी त्याला सोबत करतो.

मग आत ढकललं. आठ बाय दहाची खोली. भिंतीला सिमेंटचा ओटा, फरशीच्या मध्यावर पाणी जायची जाळी, छताला एसीची झडप. बाहेर जुलै. बाहेर उन्हानं माणसं भोवळ येऊन पडत होती आणि आत माझे दात वाजत होते. दाराला एक भोक होतं. त्यातून आवाज आला.

"एसीवाला. बोलो, कितना डिग्री?"

बोलणारा त्या ठाण्याचा साहेब. त्याचं नाव मला पाठ आहे. जिथं लिहायचं तिथं ते लिहून झालंय. इथं त्याला अत्तरवाला म्हणतो, कारण त्याच्या आधी त्याचं अत्तर खोलीत यायचं. आमच्याशी तो आखाती हिंदीत बोलायचा, म्हणजे निम्मी क्रियापदं सोडून.

मी गप्प राहिलो. दार उघडून कुणीतरी बादलीभर पाणी अंगावर मारलं.

"कितना डिग्री?"

"बारा, सर."

बादली.

"दस, सर."

बादली.

मग मी नीट अंदाज घेतला. श्वासाची वाफ किती दिसते, झडपेतून हवा कुठल्या आवाजात येतेय, ओट्याचं सिमेंट हाताला कसं लागतं. बारा वर्षं हेच काम केलंय. म्हटलं, "नौ, सर."

 बाहेर कुणीतरी जाऊन खरा आकडा बघून आलं. अत्तरवाला हसला. "शाबाश. नौ." आणि बादली.

नागडं केल्याची लाज वाटलीच. पण जी अजून अंगावरून उतरत नाही ती दुसरी. उत्तर बरोबर आलं म्हणून मला क्षणभर बरं वाटलं होतं. शाळेत मास्तरांनी मला कधी शाबाश म्हटलं नाही. ते या माणसानं म्हटलं, आणि मी चड्डीवर उभा राहून ते घेतलं.

आता आधीचं सांगतो. कारण ती खोली मीच गार केली होती.

मी सातारा जिल्ह्यातला. तालुक्याच्या आयटीआयमधून एसी-फ्रिजचं शिकलो आणि कतारला एका मेंटेनन्स कंपनीत लागलो. आदल्या हिवाळ्यात त्या ठाण्यातून कॉल आला. स्टोअर रूमचा एसी बदलायचा. मी गेलो. खोलीला अर्ध्या टनाचं मशीन पुरलं असतं, त्यांनी दोन टनाचं आणून ठेवलं होतं. अत्तरवाला स्वतः उभा होता. म्हणाला, "बहुत ठंडा. सोला नहीं, उससे नीचे."

सोळाच्या खाली कुठलाही साधा थर्मोस्टॅट जात नाही. थर्मोस्टॅट म्हणजे भिंतीवरची ती डबी, जिच्यावर आकडा दिसतो. मी म्हटलं, सर, खाली गेलं की कॉइलवर बर्फ धरतो, मशीन बंद पडतं. तो म्हणाला, "तुम मिस्त्री किसलिए?"

झालं. कुणी मला असं विचारलं की मला चढते. मी पंख्याचा वेग वाढवला, बर्फ वितळायला एक टायमर बसवला, थर्मोस्टॅटची वायर तोडून मशीन थेट लावलं. नऊवर आणून ठेवलं आणि बर्फाचा कण नाही. कंपनीत दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, हे मी आजही छाती काढून सांगू शकतो. सांगून काय मिळवणार, ते पुढं येईल.

मग तो म्हणाला, दीवार पे चोबीस दिखना चाहिए. चाबी मेरे पास. मला वाटलं, काय डोकं आहे. भिंतीवर मी एक डबी बसवली. तिला फक्त आकड्यापुरती वीज दिली. बटण दाबलं की आकडा वरखाली व्हायचा, पण मशीनकडे जाणारी वायर मेलेली. खरा स्विच त्याच्या केबिनमध्ये, फायलींच्या कपाटामागे. वर छताचा पत्रा सरकवून मशीनवर मार्करनं तारीख टाकली आणि सही केली. आमच्या धंद्यात ही रीत आहे. सर्व्हिस कुणी केली ते पुढच्या मिस्त्रीला कळावं म्हणून सगळेच करतात. मी जरा मोठी करतो. शेवटच्या अक्षराला शेपूट काढतो.

त्याच्या खुशीत ठाण्यातून कंपनीला चांगलं पत्र गेलं. मॅनेजरसाहेबांनी नोटीस बोर्डावर माझा फोटो लावला. महिन्याचा उत्तम कामगार. बिर्याणीचं पाकीट मिळालं.

ती खोली कशासाठी आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. वकिलाला, बायकोला, राहत्या खोलीतल्या पोरांना. इथं खरं लिहितो. स्टोअरला फरशीत पाण्याची जाळी कशाला लागते? दाराला डोळ्याच्या उंचीवर भोक कशाला? ओट्याला लोखंडी कडी का? तिन्ही गोष्टी मी पाहिल्या होत्या. कडीला तर माझी पिशवी अडकवून काम केलं. मी विचारलं नाही. विचारायचं नसतं, हे मला गावात शिकवलं होतं आणि कंपनीत पक्कं केलं होतं.

आता मी आत कसा गेलो ते. तोही माझाच पराक्रम.

दोह्याच्या अल थुमामा भागातल्या एका व्हिलात आम्ही जुनी मशीनं काढून नवी बसवत होतो. जुन्या मशीनचा तांब्याचा पाइप मिस्त्रीनं न्यायचा, ही तिथली अलिखित रीत. घरच्या बाईंनी हातानंच खूण केली, घेऊन जा. मी ते वेटोळं खांद्यावर टाकलं आणि फोटो काढला. तिथंही थांबलो नाही. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, आजची शिकार.

त्याच दिवशी व्हिलात आलेला नवा पाइपही गायब झाला. घरमालकानं तक्रार दिली. माझा नंबर त्याच्या ड्रायव्हरकडे होता, ड्रायव्हरनं स्टेटस पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी शुर्ता आली. तिथं पोलिसांना शुर्ता म्हणतात. त्यांच्या फोनवर माझाच फोटो, माझंच हसू. स्वतःविरुद्ध इतका स्वच्छ पुरावा कुणी क्वचितच तयार केला असेल.

मी सांगत होतो, हा जुना पाइप आहे, काळा पडलाय, बघा तरी. अत्तरवाल्याला जुन्यानव्यात रस नव्हता. त्याला कबुलीवर सही हवी होती. आणि मला पाहिल्यावर त्याला ओळख पटली. तो खरंच खूश झाला. म्हणाला, "अरे, मेरा मिस्त्री. आओ, तुम्हारा काम देखो."

किती वेळ आत होतो ते मला माहीत नाही. दोनदा बाहेर काढलं, दोनदा परत घातलं. पहिल्या वेळी पायाची बोटं हलवत राहिलो. दुसऱ्या वेळी बोटं कुठं आहेत ते बघावं लागत होतं. लोक विचारतात, त्यांनी मारलं का? नाही. हात लावला नाही. एक वळ नाही अंगावर. तक्रार केलीच तर दाखवणार काय? भिंतीवर चोवीस होतं. ती हुशारी माझी.

अरबी कागदावर मी सही केली. शेपूट सुद्धा काढलं. सवयीनं.

मग कपडे परत दिले आणि मोठ्या कोठडीत टाकलं. वीसेक माणसं. माझ्या शेजारी रफिकुल नावाचा बांगलादेशी आचारी होता. चाळिशीचा, बारीक, दम्याचा. मालकाकडून पळाला म्हणून धरलेला. कुणाच्या घरी लपला होतास, एवढंच त्याला विचारत होते. तो सांगत नव्हता, कारण ज्यानं लपवलं त्याला तीन पोरं होती.

त्यानं मला त्याची चादर दिली. म्हणाला, "तू नया आया, दादा, तू ले. मैं तीन बार गया, मेरा आदत हो गया." आणि हसला. हसता हसता खोकला लागला, तो थांबेना.

चौथ्यांदा त्याला नेलं. परत आणला तेव्हा दोघांनी धरून आणला. ओठ निळे. छातीत शिट्टी वाजत होती. आम्ही पाच जण त्याला चिकटून बसलो, ऊब द्यायला. बऱ्याच वेळानं त्याला बोलता आलं. काय बोलला असेल?

"जिस मिस्त्री ने वो कमरा बनाया, अल्ला उसको उसी कमरे में सुलाए."

सगळे म्हणाले, आमीन. मीही म्हणालो. त्याचे पाय माझ्या काखेत होते.

त्या दिवसापासून मला राग आला. त्याआधी आला नव्हता, हे लक्षात घ्या. मला स्वतःला नागडं केलं तेव्हा मी हसलो होतो. रागासाठी मला दुसऱ्याचे पाय लागले.

आणि राग आला तो कसा, तर मिस्त्रीला येतो तसा. मी बसल्या बसल्या अत्तरवाल्याच्या घराचा एसी बिघडवायला घेतला. मनातल्या मनात. ऑगस्टमध्ये सर्व्हिसला जायचं. कॉइलच्या मागच्या वळणाला सुईनं टोचायचं, असं की गॅस पंधरा दिवसांनी संपेल. दुसरा मिस्त्री येईल, गॅस भरेल, पंधरा दिवसांनी पुन्हा गरम हवा. चार वर्षं कुणाला सापडणार नाही. त्याची बायको घामेजेल, पोरं रडतील, त्याचं अत्तर आंबेल. यात मी दोन दिवस फार सुखात काढले. तिसऱ्या दिवशी रफिकुलच्या थुंकीत रक्त दिसलं आणि माझी सुई फारच बारीक वाटायला लागली.

मग एका सकाळी नवीन चादरी आल्या. चहात दूध आलं. जुने होते ते म्हणाले, कमिटी येणार. तुरुंग तपासणारी सरकारी माणसं. दर वेळी असंच होतं. ती लोकं विचारतात, सब ठीक? आपण म्हणायचं, सब ठीक. मग ती जातात आणि दूधही जातं.

मला आणि आणखी दोघांना बाहेर काढलं. त्या खोलीत छपाईच्या कागदाचे खोके भरायचे होते. स्टोअर दिसायला हवं ना. मी खोके वाहिले. मशीन बंद होतं, खोली कोमट होती. ओट्याची कडी खोक्यांमागे गेली. शेवटी अत्तरवाल्यानं मला भिंतीवरची डबी दाखवली. तिच्यावर धूळ होती. मी बाहीनं पुसली. हेही मीच. कुणी सांगितलं नव्हतं.

"चोबीस," तो म्हणाला. "बहुत अच्छा मिस्त्री." आणि माझ्या गालावर दोन थापट्या मारल्या. लाडक्या घोड्याला मारतात तशा.

कमिटीत तिघं होती. दोन पुरुष आणि एक बाई, काळ्या अबायात, म्हणजे पायघोळ झग्यात, हातात पॅड. आम्ही खोके वाहणारे बोळात भिंतीला लागून उभे होतो. कोठडीकडून आवाज येत होते. सब ठीक. सब ठीक. एकामागून एक, हजेरी दिल्यासारखे. रफिकुलपाशी बाई थांबल्या. अत्तरवाला म्हणाला, ताप आहे, औषध चालू आहे.  रफिकुलला बोलायला श्वास पुरत नव्हता.

मग ती माणसं बोळात आली. कुणीतरी त्यांना त्या खोलीबद्दल आधी कळवलं असावं, कारण बाईंनी थेट तेच दार उघडायला लावलं. आत गेल्या. खोके बघितले. डबीवर चोवीस बघितलं. पॅडवर लिहायला लागल्या.

त्या लिहीत होत्या तो चोवीसचा आकडा माझा होता. अत्तरवाला माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. त्याला गरज वाटली नाही. त्यानं मला पाण्यात भिजवलं, मी शाबासकी घेतली. त्यानं थापटलं, मी गाल दिला. या माणसाला आपली खात्री पटलीय, हे मला दिसलं. माझ्या गप्प बसण्यावर त्यानं ती अख्खी खोली उभी केली होती.

माझं इंग्रजी एसीपुरतंच आहे. पण तिथं एसीचंच काम होतं.

"मॅडम, धिस थर्मोस्टॅट डमी. नो कनेक्शन. आय इन्स्टॉल."

 बाई वळल्या. "यू? हू आर यू?"

"एसी टेक्निशियन, मॅडम. नाऊ प्रिझनर. प्लीज प्रेस बटन. मेक सिक्स्टीन, मेक थर्टी. नथिंग विल हॅपन."

अत्तरवाला अरबीत काहीतरी भराभर बोलायला लागला. माझ्या दंडाला कुणीतरी मागून धरलं. बाईंनी हात वर केला आणि पकड सुटली. त्यांनी बटण दाबलं. सोळा. मशीन गप्प. मग तीस. मशीन गप्प.

"नाऊ हिज केबिन. बिहाइंड फाइल कबर्ड."

एक पुरुष केबिनमध्ये गेला. कपाट सरकल्याचा आवाज आला. मग वर छतात माझं दोन टनाचं मशीन दणक्यात सुरू झालं. भिंतीवर तीस, आणि झडपेतून ती हवा. बाईंनी अबाया अंगाभोवती आवळून घेतला. त्या आत तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या श्वासाला वाफ यायला लागली तेव्हा बाहेर आल्या. मग खोके बाजूला करायला लावले. कडी दिसली. जाळी दिसली.

अत्तरवाला म्हणाला, हा चोर आहे, यानं स्वतःच काहीतरी केलं असेल, आम्हाला माहीत नाही. म्हटलं, "यस मॅडम, आय डिड. ओपन सीलिंग." पत्रा सरकवला. माझी तारीख, माझी सही, शेपटासकट. इतकी मोठी सही करायची काय गरज होती, असं बायको नेहमी म्हणते.

अत्तरवाला सहीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. त्या नजरेसाठी मी पुन्हा एकदा त्या खोलीत जाऊन आलो असतो. खोटं कशाला बोलू.

रफिकुलला त्याच दिवशी दवाखान्यात हलवलं. न्यूमोनिया. एका बाजूचं फुप्फुस आता नीट फुगत नाही. जिना चढताना मध्ये बसतो. मी भेटायला गेलो तेव्हा सांगून टाकलं, तो मिस्त्री मी. त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. मी अर्धा तास बसून होतो. निघताना म्हणाला, "कोर्ट में बोलेगा?" म्हटलं, बोलेन. म्हणाला, "तब आना." त्यानंतर त्यानं मला माफ केलं का, वगैरे विचारू नका. त्यानंही सांगितलं नाही.

माझं काय झालं? नवा पाइप व्हिलाच्याच गच्चीवर टाकीमागे सापडला. घरमालकानं तक्रार मागं घेतली. मी सुटलो, पासपोर्ट अजून मिळालेला नाही. खोलीला कुलूप लागलं. अत्तरवाल्याला दुसऱ्या ऑफिसात बसवलंय. चौकशी चालू आहे. रफिकुलच्या जबाबाला आधार एकच, माझा जबाब. वायरिंग कुणाच्या सांगण्यावरून झालं हे ऐकलेला दुसरा कुणी नाही. मी निघून गेलो की ते एका चोराचं आणि एका पळपुट्याचं बोलणं उरतं.

हे सगळ्यांना कळलंय. म्हणून परवा शुक्रवारी मॅनेजरसाहेबांनी घरी बोलावलं. साहेब पुण्याचे, ओल्ड एअरपोर्ट भागात फ्लॅट. त्या फ्लॅटचे चारही एसी माझ्याच हातचे, पण सोफ्यावर मी पहिल्यांदाच बसलो. वहिनींनी पोहे दिले. त्यांच्या मुलीनं माझ्याकडे बघून आईला इंग्रजीत विचारलं, हाच का तो जेलवाला. वहिनी म्हणाल्या, आत जा.

साहेबांनी दोन कागद पुढं ठेवले. एक विमानाचं तिकीट. दुसरा अरबी, खाली मराठीत त्यांनीच पेन्सिलनं अर्थ लिहिलेला. मानसिक ताणात होतो, खोलीबद्दल मला खात्रीनं माहीत नाही.

"हे बघ," साहेब म्हणाले, "दोन्ही बाजूंनी प्रकरण मिटतंय. पासपोर्ट मिळतोय, सगळं सेटल होतंय. घरी जा. बायको-मुलं आहेत तुला."

"आणि रफिकुल?"

"त्याचं त्याचा देश बघेल. तू आपल्या माणसांचा विचार कर. कंपनीत दोनशे मराठी पोरं आहेत. ठाण्याचं कॉन्ट्रॅक्ट गेलं तर?"

मी प्लेट खाली ठेवली. मग त्यांनी आवाज खाली आणला. "वायरिंग तू केलंयस. उद्या तुलाच आरोपी केलं तर?"

"जबाबात पहिली ओळ तीच आहे, साहेब. मी केलं. दुसऱ्या ओळीत कुणी करायला सांगितलं. तिसऱ्या ओळीत, ते काम बघून नोटीस बोर्डावर माझा फोटो कुणी लावला."

साहेबांचा चमचा पोह्यात राहिला.

"मला काय माहीत कशासाठी होतं ते?"

"मलाही नव्हतं माहीत," मी म्हटलं. "मीही अगदी असंच म्हणत होतो."

जिना उतरताना बायकोला फोन लावला. तिला सगळं आधीच सांगितलेलं. ती म्हणाली, "आपल्या घरचा पंखा तीन वर्षं कुईकुई करतोय, आन् तिकडं जेल गार करून आलाय व्हय तुम्ही."  मग म्हणाली, "किती दिवस लागतील?" म्हटलं, माहीत नाही. "पोरीला काय सांगू?" म्हटलं, खरं सांग. तिनं फोन ठेवला. रागानं ठेवला, हेही लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की घरून आशीर्वाद आला.

मला माफी नको आहे. नुकसानभरपाईही नको. कुणी म्हणेल हा न्यायासाठी लढतोय, तर तेवढा मोठा मी नाही. मला तो माणूस खुर्चीत बसलेला हवाय. त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहायला त्याच्याच खात्याची माणसं हवीत. मी बोलायला लागलो की त्याला उठता येता कामा नये. मी वायरचा एकेक जोड सांगणार, कुठं तोडला, कुठं लावला, त्या वेळी तो कुठं उभा होता, काय म्हणाला. कोण कितीदा आत गेला, त्यांची नावं मी कोठडीतल्या वीस जणांकडून घेतली आहेत, ती सगळी वाचणार. त्याचं नाव घेताना आवाज चढवणार नाही. सावकाश घेणार, दुभाष्याला नीट लिहिता यावं म्हणून.

आणि मध्ये त्याला हसू आलं, तर या वेळी मी सोबत करणार नाही.

तिकीट साहेबांच्या टेबलावरच आहे. मी हा देश सोडत नाही.